पटकथेची रचना पानं मोजून शिकावी की सिनेमा फोडून?

शाहूपुरीकर
कोल्हापुरात शाहू स्मारकात सिनेमा बघून झाला की दसरा चौकात चहाला थांबणारा आमचा गट आहे. त्यात नव्यानं लिहिणारी बरीच मुलंमुली आहेत आणि बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एकच तक्ता सापडतो: पटकथा १२० पानांची, पहिला अंक ३०, दुसरा ६०, तिसरा ३०, आणि पंचविसाव्या पानाच्या आसपास पहिलं मोठं वळण. पटकथालेखन शिकवणाऱ्या सिड फील्ड यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळं हा हिशेब जगभर पसरला. माझं मत असं की शिकायला सुरुवात इथून करूच नये.

एक पान म्हणजे एक मिनिट, हे गणित १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपमधल्या, ठरावीक समास सोडलेल्या इंग्रजी पानाचं आहे. देवनागरीत फाँट बदलला की पान बदलतं. आपल्याकडं कित्येक जण अजून डावीकडं दृश्य, उजवीकडं संवाद असं दोन रकान्यांत लिहितात. मग पंचविसावं पान म्हणजे कितवं मिनिट? त्यापेक्षा दृश्य मोठ्यानं वाचून घड्याळ लावलेलं बरं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. कुठं वळायचं ते तक्ता सांगतो, का वळायचं ते सांगत नाही. मुलं नेमक्या पानावर अपघात घडवतात आणि पात्राला मुळात काय हवंय हेच ठरलेलं नसल्यानं त्या अपघातानं काहीच बदलत नाही.

त्यापेक्षा आवडता एक सिनेमा घ्या आणि दृश्यागणिक एक ओळ लिहा, तीन रकान्यांत. किती वेळ चाललं, सुरुवातीला कुणाचं पारडं जड होतं आणि शेवटी कुणाचं, प्रेक्षकाला नवीन काय कळलं. जिथं कंटाळा आला होता तिथले शेवटचे दोन्ही रकाने बहुधा कोरे निघतील.

तालमीतला
दादा, न्हाई पटलं. पोरांच्या पटकथा मीपण वाचतो. पहिली पस्तीस पानं गाव, कट्टा, मित्र, रंकाळ्यावरची भेळ. गोष्ट सुरूच होत नाही! त्या पोराला 'पात्राला काय हवंय' विचारलं तर तो तासभर बोलतो, पण पान कापत नाही. 'तिसाव्या पानापर्यंत वळण पाहिजे' म्हटलं की मुकाट्यानं दहा पानं काढतो. तालमीत आधी जोर-बैठका असतात, डाव नंतर. तक्ता म्हणजे जोर-बैठका.

आणि सिनेमा फोडून बघणं चांगलंच आहे, पण काय शोधायचं हे माहीत नसलेला माणूस नुसती वेळ लिहीत बसंल.

वग_बतावणी
दोघंही परदेशी मापावरच भांडताय. तमाशातला गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम आपल्या लोकांच्या अंगात भिनलेला आहे. कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग आहेत. नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण या पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितल्या आहेत. बाबूराव पेंटरांनी याच गावात मूकपट काढले, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, १९३२ चा 'अयोध्येचा राजा' इथंच तयार झाला. पंचविसाव्या पानाचा नियम तेव्हा कुठं होता?

शाहूपुरीकर
@वग_बतावणी, अभिमान मलाही आहे, पण 'अयोध्येचा राजा'तली हरिश्चंद्राची गोष्ट प्रेक्षकाला घरातून ठाऊक होती. राजा राज्य गमावणार हे माहीत असतानाच लोक बसत होते. आज या मुलांची गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. काय लपवायचं, काय आधी सांगायचं, हे सगळं लेखकाला नव्यानं ठरवावं लागतं. गण-गवळण हा सादरीकरणाचा क्रम झाला. एका घटनेतून दुसरी कशी निघते हे त्यातून शिकता येत नाही, त्यासाठी वगच उलगडून बघावा लागेल. पाच संधी पाठ केल्या तर तोही तक्ताच. मात्र मुखसंधीत, म्हणजे सुरुवातीलाच, बीज पेरायचं आणि ते पुढं दिसत-लपत वाढवायचं, ही कल्पना मला कुठल्याही पानांच्या हिशेबापेक्षा मोलाची वाटते.

संकलन_टेबल
लयीबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. नवे लेखक लय वाढवायची म्हणून दृश्यं छोटी करतात. संकलनाच्या टेबलावर आल्यावर कळतं की अशी सात-आठ छोटी दृश्यं ओळीनं आली तर तीही एकसुरी वाटतात. दृश्यात उशिरा शिरायचं, काम झालं की निघायचं, हे खरं. दार वाजलं, या बसा, चहा घेणार का, हे सगळं मी कापतोच, मग लिहिता कशाला? पण काही ठिकाणी थांबावंच लागतं. 'सैराट' (२०१६) जवळपास तीन तासांचा आहे. मध्यंतरानंतर तो हैदराबादला जातो आणि मुद्दाम सावकाश होतो: खोली, काम, भांडण, संसार. वेग हवा म्हणून कुणी तो भाग कापला असता तर शेवटच्या त्या आवाज गेलेल्या मिनिटांना वजनच आलं नसतं.

तालमीतला
मध्यंतराचा विषय काढलात ते बरं केलंत. आपला प्रेक्षक मधे उठतो. परत यायला त्याच्या डोक्यात एक प्रश्न पाहिजे, आणि तो प्रश्न लेखकानं आधी जागा ठरवूनच ठेवावा लागतो. ही पण मोजणीच झाली की! 'सैराट'सारखा संथ भाग अनुभवी माणसानं लिहावा. नवख्यानं तसं केलं तर लोक मोबाइल काढतात.

संकलन_टेबल
मोबाइल काढतात ते संथपणामुळं नव्हे, काही पणाला लागलेलं नसतं म्हणून. हैदराबादच्या त्या खोलीत सगळंच पणाला लागलंय. शिवाय ओटीटीवर मध्यंतरच नाही. तिथं तुमचा मधला प्रश्न कुठं ठेवणार?

पापाची_तिकटी
मी लिहिते, म्हणून विचारते. सुरुवात जमते, शेवट माहीत आहे, मधली चाळीस-पन्नास पानं पाणचट होतात. नायिकेला वडिलांचं दुकान वाचवायचंय. ती प्रयत्न करते, हरते, पुन्हा प्रयत्न करते. तक्ता इथं काहीच सांगत नाही, दृश्यांची नोंद करूनही मला उत्तर मिळालं नाही.

शाहूपुरीकर
ताई, प्रत्येक प्रयत्नाची किंमत वेगळी ठेवा. पहिल्यांदा पैसा जाऊ दे, दुसऱ्यांदा मैत्रीण, तिसऱ्यांदा वडिलांचा विश्वास. एकदा गेलेली गोष्ट परत मिळू देऊ नका. म्हणजे पुढच्या प्रयत्नाला तिच्या हातात कमी उरेल आणि दृश्य आपोआप ताणलं जाईल.

तालमीतला
हे पटलं. फक्त ताई, वडिलांचा विश्वास जातो ते दृश्य बरोबर मधोमध आणा, मध्यंतराला. पान मोजून.