बोचोनीचं ‘द सिटी राइजेस’: प्रतिकृतीत रंग मळतोय

प्रश्न: इटालियन चित्रकार उंबेर्तो बोचोनीच्या ‘द सिटी राइजेस’ या चित्राची (१९१०) तैलरंगात ६० × ९० सेंमी अभ्यासप्रत चालू आहे. मधल्या लाल घोड्याच्या मानेवरचं निळं जोखड रंगवताना तिथे सगळं तपकिरी-करडं होतंय. आणखी एक, यंत्र आणि वेगाचे गोडवे गाणाऱ्या फ्यूचरिस्टाला (भविष्यवादी चळवळीतल्या कलावंताला) घोडा का लागला?

उत्तर १: ओल्यावर ओला रंग जातोय. बोचोनी रोममध्ये चित्रकार जाकोमो बाल्लाकडे विभाजनवाद ही रंगवण्याची पद्धत शिकला. त्यात रंग पॅलेटवर कालवत नाहीत. शुद्ध रंगाच्या रेघा शेजारी-शेजारी ठेवतात. तुमच्या ओल्या नारिंगी-लालवरून निळा ब्रश फिरला की दोन्ही एकत्र कालवले जातात आणि पूरक रंग (रंगचक्रात समोरासमोर येणारे, जसे नारिंगी-निळा) एकमेकांना मारतात. आधी घोडा पातळ थरात पूर्ण करा, रेघांमध्ये फटी सोडा. हाताला रंग लागेनासा झाला, साधारण ४-५ दिवसांनी, की मग निळा त्या फटींत भरा. लाल-नारिंगीला एक ब्रश, निळ्या-हिरव्याला वेगळा. ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळून लगेच वापरू नका, आधी कापडाने कोरडा करा.

उत्तर २: मापही बघा. मूळ चित्र १९९.३ × ३०१ सेंमी आहे. ९० रुंदीला उंची ५९.६ येते, म्हणजे प्रमाण जमलंय. पण मुळातली ३ सेंमीची रेघ तुमच्याकडे जेमतेम ९ मिमी होते. चपटा ब्रश बाजूला ठेवा, २ नंबरचा गोल घ्या. रेघेची दिशा त्याहून महत्त्वाची: दोर खेचणाऱ्या, तिरक्या झुकलेल्या मजुरांच्या अंगावर ती ओढीच्या दिशेनेच जायला हवी. दिशा चुकली तर रंग अचूक असूनही चित्र थिजतं. मी तर म्हणेन, फक्त घोडा आणि पुढचे मजूर एवढाच भाग घ्या.

उत्तर ३: घोड्याबद्दल. तेव्हा मिलानच्या वेशीवर नवं शहर उभं राहत होतं आणि बांधकामाचा माल घोडेच ओढत. मागे परांची, धुरांडी, अर्धवट इमारती दिसतात त्या याच. १९११ मध्ये मिलानला चित्र मांडलं ते ‘श्रम’ या नावाने, त्यामुळे घोडा इथे मजुरांच्याच बाजूचा. एक चूक टाळा: आकार घनवादासारखे (क्यूबिझमसारखे) पैलूंत फोडू नका. पॅरिसमधला घनवाद बोचोनीने १९११ च्या शरदात जवळून पाहिला, या चित्रानंतर. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात आहे, पण मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातला छोटा पूर्वअभ्यासही बघा; तुमच्या मापाला तो जास्त उपयोगी पडेल.