मदत हवी आहे: फोमच्या चारआईन्याचे टेम्प्लेट मोठे करून छापताना माप चुकते

नमस्कार.

सोसायटीच्या गणेशोत्सवातील शिवकालीन नाटकासाठी मी ईव्हीए फोमचा चारआईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या चार पत्र्यांचे चिलखत, तयार करत आहे. माझ्याकडचे टेम्प्लेट (कापण्यासाठीचा आराखडा) ३८ इंची छातीसाठी आखलेले पीएनजी चित्र असून आमच्या नटाची छाती अंगरख्यावरून ४२ इंच भरते. त्यामुळे चित्र सुमारे ११०.५ टक्के करायला हवे.

चित्र १८०० × २००० पिक्सेलचे आहे आणि त्याच्या कोपऱ्यात ‘२ इंच’ असे लिहिलेली एक रेघ आहे. गिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ते ७२ रिझोल्यूशनने (दर इंचाला ७२ पिक्सेल) उघडते, परंतु ही रेघ २०० पिक्सेल भरत असल्याने मूळ रिझोल्यूशन १०० असले पाहिजे. हे लक्षात आले नसते, तर १८ इंच रुंदीचे चित्र २५ इंचांचे होऊन बसले असते. मी ‘प्रिंट साइज’मध्ये १०० घातले, नंतर ‘स्केल इमेज’ने ११०.५ टक्के केले, पीडीएफ काढली आणि अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या ‘पोस्टर’ पर्यायाने तिची ए४ पाने पाडून घेतली. घरी प्रिंटर नसल्यामुळे ती पाने झेरॉक्सच्या दुकानात छापली.

मोठ्या केलेल्या चित्रात ती रेघही वाढणार, म्हणजे ५.०८ऐवजी ५.६ सेंटीमीटर भरणार, हे गृहीत धरले होते. कागदावर मोजपट्टी लावली तेव्हा ती ५.३ भरली. दुकानात ‘फिट टू पेज’ (पानात बसवण्यासाठी आपोआप लहान करणे) सुरू राहिले असावे, असा माझा अंदाज आहे. ९ पाने सेलोटेपने जोडल्यावर गळ्याची कड मधल्या सांध्यावर तीन-चार मिलिमीटर सरकलेली दिसते, ती मात्र बहुधा माझ्याच हातची चूक आहे.

पहिला प्रश्न असा की, वाढ नेमकी कोणत्या टप्प्यावर करावी? पिक्सेलना हात न लावता रिझोल्यूशन १००वरून ९०.५ केले, तरी कागदावरचे माप तेवढेच वाढते आणि रेघा धूसर होत नाहीत. असे असताना ‘स्केल इमेज’ वापरण्याचा काही फायदा आहे का?

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो आहे. नट रुंद आहे, उंच नाही. फक्त आडवे ताणले तर काखेखालचा अर्धगोल चपटा होतो. शिंपी जसा कागद मधोमध कापून पट्टी घालतो, तसे चारही पत्र्यांत प्रत्येकी एक इंचाची पट्टी घालणे मला सरस वाटते. परंतु फोम १० मिमी जाडीचा असल्याने अंगाभोवती पूर्ण वळवल्यावर बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सुमारे ६३ मिमी जास्त भरतो. पत्रे वेगवेगळे असून बंदांनी बांधले जातात, तेव्हा हा फरक बंदांतच सामावून जाईल, की टेम्प्लेटमध्येच सैलपणा सोडावा?

ज्यांनी आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानातून प्लॉटरवर एकाच मोठ्या कागदावर असे टेम्प्लेट काढले आहे, त्यांनी तिथे कोणती फाइल दिली आणि माप शंभर टक्के राहावे म्हणून नेमके काय सांगितले, तेही कळवावे. फोमची एकच शीट शिल्लक आहे, म्हणून तूर्त रद्दीच्या पुठ्ठ्यावरच कापून पाहत आहे.