लेणी नव्हे, गुहा! तुमचे अनुभव लिहा

आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाचा. त्यामुळे गुहा म्हटलं की आपल्याला आधी लेणीच आठवतात, छिन्नीने कोरलेली. पाण्याने चुनखडी विरघळून आपोआप झालेल्या मोठ्या गुहा बघायच्या तर गाडी काढून लांब जावं लागतं. गेला असाल तर लिहा. सुरुवात मी करते.

मुक्काम गंडीकोट्याला होता. सकाळी इडल्या हाणून बेलमला (आंध्र, नंद्याल जिल्हा) निघालो. वाटेत काळ्या फरशांच्या चळतीच्या चळती. सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर आपला कडप्पा!" कडप्पा जिल्ह्यातच तर होतो आम्ही! वीस वर्षं त्या ओट्यावर पोळ्या लाटतेय, पण नाव गावावरून पडलंय हे डोक्यात शिरलं नव्हतं. बेलमची गुहाही काळ्या चुनखडीतलीच.

डोंगर वगैरे काही नाही. सपाट रानात जमिनीला भोक आणि त्यात जिना. 'बेलम'चं मूळ 'बिलम्', म्हणजे आपलं बीळ. नाव अगदी चपखल. लांबी ३२२९ मीटर, त्यातली दीडेक किलोमीटर बघता येते. आत गार असेल म्हणून मी शाली घेतल्या होत्या. कसलं काय! दहा मिनिटांत चष्म्यावर वाफ, पाठीला कुर्ता चिकटलेला. एका दालनात मात्र छतातून वडाच्या पारंब्यांसारखे दगड लोंबतात, तिथे लेकही मोबाईल खिशात टाकून वर बघत राहिली.

*

कुटुमसर, बस्तर. आम्ही शहाणे ऑगस्टात गेलो. पावसाळ्यात गुहा बंद असते, पाणी भरतं. तीरथगढचा धबधबा बघून परत. डिसेंबरात पुन्हा गेलो. वाटाड्याने डबक्यावर बॅटरी धरली तर बोटाएवढे फिकट मासे. अंधारात राहून दृष्टी गेलेले म्हणे. मग त्याने बॅटरी बंद केली. डोळे उघडे की मिटलेले, तेच कळेना.

*

मॉसमाई, चेरापुंजी. दीडशेच मीटर, पण एका जागी पोट आत ओढून तिरकं व्हावं लागतं. आमचे हे अडकले. मागून एक बंगाली काकू, "दादा, एकटू ताडाताडी!" अजून घरात कोणाला जेवण आटोपतं घ्यायला सांगायचं असलं की हेच म्हणतो.

*

वायटोमो, न्यूझीलंड. ऑकलंडहून अडीच तासांवर. अंधारात होडी, बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. छतावर निळसर ठिपके, थेट चांदणं. ते काजवे नव्हेत, माशीसारख्या एका किड्याच्या अळ्या. चिकट धागे सोडून किडे पकडतात. म्हणजे एवढं चांदणं ते भक्ष्याला फसवायला!

*

गुडघ्यांचा त्रास असेल तर गुहा जमतील का, असं विचारलंय कोणीतरी. बेलमला जिने भरपूर आहेत, आतला पाताळगंगा झरा तर ४६ मीटर खाली. सासूबाई वरच थांबल्या. आम्ही घामाघूम होऊन बाहेर आलो, तेव्हा त्या रखवालदाराला हिंदी-मराठीत विचारत होत्या, इकडे कडप्पा काय भावाने पडतो.