छोट्या टाकीत कोण कोणाबरोबर नांदतं? आपापले अनुभव सांगा

अबोली
काल शेजारच्या चिमुरडीने नवी टाकी बघायला हाताला धरून नेलं. दीड फुटी टाकी. आत दोन गोल्डफिश, दोन एंजल, एक फायटर, काच चाटणारा एक सकर आणि निऑन टेट्रांचा लहानसा घोळका. दुकानवाल्याने 'सगळे एकत्र चालतात' म्हणून एकाच दिवशी बांधून दिले. पोरगी इतकी खूश होती की तिच्यासमोर काही बोलवेना.

घरी आले आणि बाबा आठवले. लहानपणी ते आम्हाला तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे आणि तिथून निघालं की मासे घ्यायचा आमचा हट्ट ठरलेला. शेवटी टाकी आली तेव्हा कुर्ल्याच्या बाजारात बाबा प्रत्येक माशापाशी दोनच प्रश्न विचारत होते. हा मोठा होऊन केवढा होतो? आणि ह्याच्या तोंडात काय मावतं? दुकानदार वैतागला, आम्ही भावंडं कंटाळलो. पण त्या टाकीतल्या मोली आणि प्लॅटी छान टिकल्या, पिल्लं झाली, अख्ख्या चाळीत वाटली.

दीड बाय एक बाय एक फूट म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ४० लिटर. खडी, दगड, वरची मोकळी जागा वजा केली की ३५ सुद्धा उरत नाही. एवढ्याशा पाण्यात तुमच्याकडे कोण सुखाने राहिलं, कोणी कोणाला छळलं, लिहा. तिच्या आईला दाखवायचंय.

पाणकावळा
निऑन आधी काढा!! एंजल आत्ता रुपयाएवढे असतील. हाताएवढे झाले की निऑन म्हणजे त्यांचा घास. एका रात्रीत एकेक कमी होतो आणि घरचे म्हणतात मासे गेले कुठे.

चिंचोका
टायगर बार्ब म्हणजे नाक्यावरची टवाळ पोरं. आमच्याकडे दोनच होते, त्यांनी गप्पीच्या शेपट्यांच्या झिरमिळ्या केल्या. नंतर एका जाणकाराने सांगितलं की त्यांना सहा-आठच्या टोळीत ठेवायचं, मग आपापसातच भांडत बसतात, दुसऱ्यांच्या वाटेला कमी जातात. पण मग दीड फुटी पुरत नाही. लांब शेपटीवाल्यांबरोबर तर नकोच.

रानजाई
कुकर लावलाय, पटकन लिहिते.
सासऱ्यांची बायपास झाल्यावर नणंदेने त्यांना एक निळा फायटर आणून दिला. २५ लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, दोन रोपं आणि तो एकटा. सासरे पेपर घेऊन बसले की हा काचेपाशी येऊन कल्ले फुगवतो, पेपर खाली ठेवला की शांत. सासरे त्याला 'सरदार' म्हणतात. त्यांनी कोणाशी बोलणं सोडलं होतं त्या काळात, पण सरदाराशी बोलायचे.
फायटरला वर येऊन हवेतला श्वास घेता येतो, म्हणून दुकानात त्याला पेल्याएवढ्या बरणीत कोंबतात. बरणीत तो फक्त तग धरतो. दोन नर एकत्र कधीच नाही. आणि मोठ्या रंगीत शेपटीचा गप्पी शेजारी आला तर त्यालाही हा शत्रूच समजतो. एकटा ठेवा, राजासारखा राहतो.

सुरमई
तारापोरवाला!! शाळेची सहल आठवली. त्या मोठ्या कासवासमोरून मी हलेनाच, बाईंनी ओढून नेलं. १९५१ सालचं ना ते? बंद आहे का अजून?

अबोली
@सुरमई हो गं, कोविडपासून बंदच. मरीन ड्राइव्हवरून जाताना दरवेळी मान तिकडे वळतेच.

कृष्णाकाठ
आमच्याकडे डेंग्यूची साथ होती तेव्हा आरोग्य खात्याची माणसं हौदात गप्पी सोडून गेली. डासांच्या अळ्या खातात म्हणून. त्यातले थोडे मुलांनी टाकीत आणले आणि तिथून आमच्या घरचं मत्स्यालय सुरू झालं. फुकटचे मासे, पण काय तब्येत!
मग मुलांना निऑन हवे झाले. आणले की आठवड्याभरात गळायचे. दुकानदार म्हणायचा पाण्याचा गुण. बहिणीकडे पुण्यात मात्र तेच निऑन मजेत. खरं कारण नंतर कळलं. आमचं बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरी पुटं धरतात. बहिणीकडे धरणाचं पाणी, हलकं. निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यांना हलकं, किंचित आम्लाकडे झुकणारं पाणी मानवतं. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्लं घालणारे मासे, त्यांना जड पाणी उलट आवडतं. तेव्हा कोणाची जोडी कोणाशी हे बघायच्या आधी आपल्या नळाला काय येतं ते बघा, हे मी सगळ्यांना सांगत असतो. बोअर असेल तर गप्पी-प्लॅटी, धरणाचं असेल तर टेट्रा-रासबोरा. अर्धं काम तिथेच होतं.
अजून एक. गप्पी घेताना नुसते नर घ्या. लहान चणीचा, रंगीत, आणि पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार असतो तो नर. मादीचा तोच पर पंख्यासारखा पसरट. मादी साधारण महिन्याला विते, आणि नर नसला तरी आधीच्या संबंधावर पुढचे कित्येक महिने पिल्लं होत राहतात. ४० लिटरला ते झेपत नाही.

चिंचोका
पांढऱ्या पुटांची खूण भारी आहे. आमचा गीझर त्यानेच गेला.

सुरमई
गीझरसाठी व्हिनेगर चालतं का कोणाला माहिती आहे?

भीमातीर
सकरबद्दल कळकळीने लिहितोय. दुकानात बोटाएवढा दिसतो, 'काच साफ करतो' म्हणून गळ्यात मारतात. वाढून फूटभराच्या वर जातो आणि घाणही तेवढीच करतो. मग माणसं दया येऊन त्याला तळ्यात नाहीतर नदीत सोडतात.
माझा मामा उजनीच्या पाण्यात जाळं टाकतो. जाळ्यात आता हे सकर येतात. अंगावर चिलखत, परांना काटे. मी स्वतः मामाबरोबर बसून जाळ्यातून सोडवलेत, काटा जाळ्यात असा अडकतो की सूत कापल्याशिवाय निघत नाही. बाजारात कोणी विचारत नाही. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे त्याला खाणारं फारसं कोणी नाही. आपल्या माशांची अंडी आणि खाणं मात्र जातं.
टाकीत मावत नसेल तर दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या. पाण्यात सोडू नका, हात जोडून सांगतो.

रानजाई
@भीमातीर हे माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवते आत्ताच. मामांना नमस्कार सांगा.

कृष्णाकाठ
सहमत. गप्पीसुद्धा घरच्या हौदातच ठीक. ओढ्यात, विहिरीत सोडू नयेत.

संत्रागल्ली
नागपूरकर इथे. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी सहज ३३-३४ ला जातं. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, त्याला फार त्रास होतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात. आम्ही झाकण काढून जाळी टाकतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावतो, दोन-तीन अंश सहज उतरतं.
आत्याने वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायला सांगितले होते. तेही दोन फुटी टाकीत! आईने आत्याला बसवून समजावलं, म्हणाली, वन्सं, नऊ जीव गुदमरले तर घरात कसली बरकत? आत्याने ऐकलं. आता तिच्याच घरी झेब्रा डॅनिओ आहेत, आठ. एकदम काटक. आणि आपलाच मासा आहे तो, गंगेच्या खोऱ्यातला.

पाणकावळा
आई ग्रेट आहेत तुमच्या.

हिरवा चाफा
आमच्याकडे नवी टाकी, नवं पाणी, त्याच दिवशी मासे, सगळं दुकानाच्या माणसानेच लावून दिलं. आठवड्यात सगळे गेले. लेक जेवेना. 'मी त्यांना खायला जास्त दिलं का' हेच विचारत होती. अजून वाईट वाटतं.

पाणकावळा
@हिरवा चाफा लेकीला सांगा तिचा काही दोष नव्हता. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खडीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचं नायट्राइट होतं, तेही विषारीच, आणि त्याचं नायट्रेट झाल्यावर कुठे मासे सुखात. म्हणून टाकी आधी बिनमाशांची चालवायची, रोज चिमूटभर खाणं टाकून, म्हणजे जिवाणूंना काहीतरी मिळतं. ओळखीच्या कोणाच्या चालू टाकीतला स्पंज पिळून गाळ मिळाला तर काम लवकर होतं. दिसायला घाण, पण सोनं आहे ते.

अबोलीताई, तुम्ही विचारलंय म्हणून ३५ लिटरसाठी माझं मत. पाणी जड असेल तर पाच-सहा नर गप्पी, बस. हलकं असेल तर एक हनी गुरामी आणि सहा-सात हार्लेक्विन रासबोरा. गुरामी वरच्या थरात, रासबोरा मधे फिरतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, क्लोरीन काढून. इतकंच.

पैलतीर
न्यू जर्सीहून. इथे बऱ्याच दुकानांत बाटलीत आपल्या टाकीचं पाणी नेलं की तपासून देतात. आमच्या दुकानातल्या मुलीने तर टाकीचं माप विचारून गोल्डफिश द्यायला सरळ नकार दिला. मुलगा रडला, पण मला तिचं फार कौतुक वाटलं.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. चिमुरडीच्या आईने सगळं वाचलं. गोल्डफिश आणि सकर तिच्या दिरांच्या चार फुटी टाकीत जाताहेत, एंजल दुकानवाला परत घेतोय. फायटरला वेगळी टाकी बघताहेत. निऑन राहतील, पाणी धरणाचंच आहे. त्यांना अजून तीन-चार सोबती आणायला सांगितलंय, पण थोडं थांबून.

सुरमई
मस्त! अवांतर: शनिवारी आईने सोड्यांची खिचडी केली होती. हा धागा वाचत जेवताना घास अडखळला थोडा.

रानजाई
सोड्यांची खिचडी!! कृती टाक ना. वेगळा धागा काढ.

संत्रागल्ली
रोपांबरोबर बारीक गोगलगायी आल्यात, हजारोंनी वाढताहेत. औषध टाकू का?

पाणकावळा
@संत्रागल्ली नको, त्या औषधांत बहुतेक तांबं असतं. खाणं कमी करा. रात्री काकडीची चकती टाकून ठेवा, सकाळी चकतीसकट उचला. असं करत राहिलात की आटोक्यात येतात.