पद्मिनीचं इंजिन बांधताना ताकद वाढवावी का?

पद्मिनीवाला, डिचोली
वडिलांच्या 1986 च्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन खोलायचंय. धूर मारते, चोर्ला घाट चढताना दम टाकते. मूळ ताकद 1089 सीसीला साधारण 40 हॉर्सपॉवर. माझं स्पष्ट मत: खोलतोच आहोत तर नुसत्या पिस्टनच्या रिंगा घालून बंद करू नये. पोर्ट (हवा-धुराच्या वाटा) साफ करून, चारही पिस्टन नि रॉड वजनाला जुळवून बांधावं. चार घोडे जास्त मिळाले तर बिघडलं कुठे?

जुनं ते सोनं, म्हापसा
बिघडतं. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, इंजिनात मोठा फेरबदल नसलेली गाडी. तुमची 2036 साली त्या वयाची होईल. आपल्या खाऱ्या हवेने आधीच कितीतरी पद्मिनींचे पत्रे खाल्ले. ज्या उरल्यात त्या कारखान्यातून आल्या तशाच राहू द्या. वडिलांनी चालवली ती गाडी हीच ना?

लेथवाला, फोंडा
म्हापशेकर, पोर्ट साफ करणं हा फेरबदल कसा? ओतकामातच मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्या) आणि हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) भोकं एकमेकांसमोर नीट बसत नाहीत, मधे कडा राहतात, हवा तिथे अडते. त्या कडा काढल्या की इंजिन मोकळा श्वास घेतं. बाहेरून काही दिसत नाही.

पण डिचोलीकर, बोअर मारून (सिलिंडरचा व्यास वाढवून) ताकद येते हे डोक्यातून काढा. 68 मिमीचा बोअर 69 केला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 च, तर 1122 सीसी होतात. तीन टक्के! आणि पुढच्या वेळी बोअरला धातू कमी उरतो. सिलिंडर झिजलाय तेवढाच मारा. खरं काम हेडमध्ये आहे. 45 अंशांच्या वाल सीटला (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेला) वरून 30 चा, खालून 60 चा काप द्या. हेडमधल्या चेंबरमध्ये (जिथे इंधन जळतं) सिरिंजने केरोसिन भरून मोजा, चारही सारखे करा. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असेल तर फेस मारावाच (घासून सपाट करावाच) लागेल, त्याने कॉम्प्रेशनही (मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) थोडं वाढेल. हावरटपणाने जास्त घासलंत तर मात्र चढावर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून खटखट) सुरू.

घाटरस्ता, सांगे
सगळे चढायचंच बोलताय. उतरणार कशावर? चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताशी 60 ऐवजी 80 ने आलात तर थांबताना ब्रेकना पावणेदोन पटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. आधी ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल. त्याला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि वाल तापतात. मेन जेट थोडा मोठा घ्या, जुने रबरी पाइप काढून टाका.

पद्मिनीवाला, डिचोली
ब्रेक आधी करतो, मान्य. बोअरही मापापुरताच. म्हापशेकर, तुमचं मात्र पटत नाही. वडील ही गाडी घेऊन बेळगावला जायचे. ती अंगणात झाकून ठेवणं म्हणजे मूळ रूप नव्हे. चढ चढली पाहिजे.

जुनं ते सोनं, म्हापसा
चढू दे की! मोठा कॅम (वाल उघडणारा दांडा) आणि दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर एवढं तरी लावू नका. आणि निघालेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा.

लेथवाला, फोंडा
हेड आणताना मॅनिफोल्ड आणि गॅस्केटही आणा. त्यांच्याशिवाय पोर्ट जुळवता येत नाहीत.