परदेशातल्या लॅबमधले शेवटचे नऊ दिवस: निरोप घ्यायचा कसा?

अर्धवट_वही

दहा आठवड्यांची उन्हाळी रिसर्च इंटर्नशिप संपत आलीय. आज सोमवार, पुढच्या बुधवारी पहाटे विमान. बॅग भरायचं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते लॅबमधून बाहेर पडायचं.

आमची लॅब सी. एलेगन्सवर काम करते. माहीत नसेल त्यांच्यासाठी: जेमतेम एक मिलिमीटरचा पारदर्शक कृमी, चेतापेशी मोजून ३०२. अंड्यातून बाहेर येऊन स्वतः अंडी घालेपर्यंत याला तीन-साडेतीन दिवस लागतात. म्हणजे मी आल्यापासून माझ्या प्लेटांवर वीसेक पिढ्या होऊन गेल्या आणि माझा एक ग्राफ अजून पूर्ण नाही. तीनदा करायचा प्रयोग दोनदा झाला. तिसऱ्या वेळी प्लेटांवर बुरशी आली. आता पुन्हा करायला वेळ नाही, त्यामुळे काम अर्धं टाकून पळतेय असं वाटतंय.

बॉसशी दहा आठवड्यांत नीट बोलणं झालं असेल तीन वेळा. माणूस चांगला आहे, पण कायम कुठेतरी निघालेला. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच हवंय.

आणि खरी अडचण म्हणजे माझी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणारी, मला काम शिकवणारी. पहिल्या दिवशी कृमी उचलताना मी प्लेट इतकी खरवडली की अगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, खड्डे पडले आणि सगळे कृमी त्या खड्ड्यांत शिरून बसले. ती एक शब्द बोलली नाही, नवी प्लेट पुढे सरकवली. अशा चार प्लेटा सरकवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर माझा स्वतःचा पिक होता, काचेच्या पिपेटच्या टोकाला बसवलेली प्लॅटिनमची तार, तिने बनवलेला. तिला जाताना काय सांगायचं? 'थँक यू फॉर एव्हरीथिंग' तोंडातून निघेल आणि मी विमानात स्वतःला शिव्या घालेन. आणि हा पिक मी बरोबर नेऊ शकते का? विचारायलाही लाज वाटते.

---

जुना_फ्रीझर

निरोपाचं नंतर बघू. आधी सांग, तुझे स्ट्रेन, म्हणजे कृमींचे वेगवेगळे वाण, गोठवलेस का?

माझी गोष्ट ऐक. माझ्या इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात मी निरोप फार मन लावून घेतला. सगळ्यांबरोबर फोटो, सगळ्यांना चिठ्ठ्या. चार महिन्यांनी मेल आला: 'उणे ८० च्या फ्रीझरमध्ये तुझ्या आद्याक्षरांचा डबा आहे, ट्यूबांवर १ ते २४ लिहिलंय, हे काय आहे?' मला आठवेना. वहीत लिहिलं होतं 'ट्यूबा फ्रीझरमध्ये ठेवल्या'. बस, एवढंच. चोवीस ट्यूबा कचऱ्यात गेल्या, सहा आठवड्यांचं काम. चिठ्ठ्या कुणाच्या लक्षात राहिल्या असतील तर देव जाणे, डबा नक्की राहिला असेल.

तुझं नशीब की तुझा प्राणी गोठवता येतो. फळमाशीवर काम करणाऱ्यांना विचार, पिढ्यान्‌पिढ्या नळ्या बदलत बसतात बिचारे. कृमी ग्लिसरॉलमध्ये गोठवायची पद्धत जॉन सल्स्टन यांनी बसवली, तेच ज्यांना २००२ चं नोबेल सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्याबरोबर मिळालं. तुझा एन-टू, म्हणजे सगळ्या लॅब वापरतात तो नेहमीचा स्ट्रेन, मुळात ब्रिस्टलजवळच्या मशरूमच्या खतातला. तो आज जगभरच्या लॅबमध्ये बराचसा एकसारखा राहिलाय तो या गोठवण्यामुळे.

आता वेळेचा हिशेब. गोठवायला मोठे कृमी चालत नाहीत, नुकत्याच उपाशी पडलेल्या प्लेटांवरची बारकी पिल्लं लागतात, तीच सगळ्यात जास्त तगतात. म्हणजे आजच मोठ्या प्लेटांवर कृमी असलेले अगरचे तुकडे टाक. शुक्रवार-शनिवारपर्यंत खाणं संपेल. मग ग्लिसरॉल मिसळून ट्यूबा थर्माकोलच्या डब्यात घालून उणे ८० मध्ये ठेवायच्या, कारण तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. आणि सगळे जी पायरी खातात ती: सोमवारी प्रत्येक स्ट्रेनची एक ट्यूब वितळवून प्लेटवर ओत आणि मंगळवारी बघ, कोणी हलतंय का. हे न बघता निघालीस तर तू नक्की काय मागे ठेवलंस ते तुलाच माहीत नसेल.

लेबलवर स्ट्रेनचं पूर्ण नाव, तारीख, वहीचं पान. आद्याक्षरं नकोत. पुढच्या वर्षी त्याच आद्याक्षरांची दुसरी इंटर्न येते.

बुरशीचं म्हणशील तर तिसरी फेरी अर्धवट आहे हे वहीत ठळक लिही आणि त्या प्लेटांचे फोटो जोड. दोन फेऱ्यांचा प्रामाणिक ग्राफ चालतो. घाईत उरकलेली तिसरी फेरी पुढच्या माणसाला महिनाभर गंडवते.

---

सहजच_वाचतेय

बॉसबद्दल लिहिते, कारण तिथे मी तोंडावर आपटलेय.

मी कॉरिडॉरमध्ये हात हलवून 'बाय' केलं, त्यांनी 'कीप इन टच' म्हटलं, मी ते खरं धरलं. चौदा महिन्यांनी पत्र मागितलं तर उलट प्रश्न आला: 'तू कोणत्या प्रोजेक्टवर होतीस?' राग आला तेव्हा. आता वाटतं, बाराएक माणसांच्या लॅबमध्ये मी त्यांना लक्षात ठेवायला दिलं तरी काय होतं?

आजच मेल कर आणि पंधरा मिनिटं माग. विषयातच लिही की शेवटचा आठवडा आहे. जाताना एक पान छापून ने: प्रश्न काय होता, मी काय केलं, काय निघालं, काय राहिलं. बोलणं झालं की सरळ विचार: 'माझ्यासाठी चांगलं पत्र लिहिता येईल का?' 'चांगलं' हा शब्द गाळू नकोस. ते घुटमळले तर तेही उत्तरच आहे, मग पोस्टडॉकने मसुदा द्यायचा आणि सही दोघांची, असं होऊ शकतं का ते विचार. बऱ्याच लॅबमध्ये होतं.

पेपरमध्ये नाव येणार का, हेही याच भेटीत विचार. नंतर मेलवर विचारलं की उगाच तक्रारीसारखं वाटतं. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा आकडी नंबर काढून दे, फुकट असतो आणि कॉलेजचा मेल बंद पडला तरी तो तुझाच राहतो.

डेटाची कॉपी न विचारता पेनड्राइव्हवर घेऊ नकोस. मूळ वही तर लॅबचीच असते, ती ठेवून यायची.

---

टोपणनाव_नाही

निरोपाचा ग्रुप मेल शेवटच्या रात्री पाठवू नका प्लीज. तोपर्यंत लॅबचा अकाउंट बंद झालेला असू शकतो (माझा झाला होता). आदल्या दिवशी दुपारी, पाच ओळी, खाली पर्सनल मेल. आणि प्रवेशाचं कार्ड परत करायच्या आधी फ्रीझर, बेंच आणि ड्रॉवर बघून घ्या. कार्ड दिल्यावर आठवलेली वस्तू म्हणजे दारावर टकटक आणि पुन्हा एकदा सगळ्यांचा निरोप. दुसऱ्या वेळी फार ओशाळायला होतं.

---

काचेची_नळी

मी सध्या पलीकडच्या बाजूला आहे, म्हणजे दर उन्हाळ्यात इंटर्न शिकवणारी. आमच्याकडेही कृमीच. त्यामुळे तुझी पोस्ट वाचून हसले आणि जरा गप्प झाले.

इकडून कसं दिसतं ते सांगते. शेवटच्या दिवशी सगळे म्हणतात 'खूप शिकायला मिळालं'. खरं असतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण आपण शिकवलेलं नेमकं कुठे लागू पडलं हे आम्हाला कधीच कळत नाही. एका मुलाने जाताना सांगितलं, 'तुम्ही ट्यूब उचलायच्या आधी लेबल मोठ्याने वाचता, मीही आता वाचतो.' मी तसं करते हे मला ठाऊकच नव्हतं. आता वाचताना दर वेळी तो आठवतो.

तुझ्याकडे तर खड्ड्यांची प्लेट आहे! तेच सांग. 'तू चार प्लेटा सरकवल्यास आणि बोलली नाहीस, म्हणून मी पाचवी मागू शकले.' बास. वर गोड काही लावू नकोस. रडू आलं तर बाथरूम कुठे आहे ते तुला एव्हाना माहीत असेलच.

भाषण जमणार नसेल तर बोलूही नकोस. संध्याकाळी तिच्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर बस आणि दोघी मिळून प्लेटा बदला. माझ्या गाईडचा निरोप मी असाच घेतला होता, कोणी वर बघितलं नाही.

पिकबद्दल: विचार. प्लॅटिनम महाग असतं आणि तार लॅबची, त्यामुळे गुपचूप खिशात नको. पण स्वतःच्या हाताने केलेला पिक कुणी मागितला तर बनवणाऱ्याला वाईट वाटेल, असं मला तरी वाटत नाही.

---

अर्धवट_वही

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, मंगळवारची रात्र आहे, बॅगवर बसून लिहितेय.

सहापैकी पाच स्ट्रेन वितळवल्यावर जिवंत. सहाव्याच्या प्लेटवर आज सकाळी एकही हालत नव्हता. जुना_फ्रीझर, तुम्ही म्हणाला नसता तर मी बघितलंच नसतं. उपाशी प्लेट एक शिल्लक होती, तिच्यावरून घाईघाईने पुन्हा गोठवला. त्याची चाचणी पोस्टडॉक गुरुवारी करून कळवणार आहे. वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय.

बॉस भेटले. पंधरा मिनिटांची चाळीस झाली, कारण त्यांना बुरशीच्या प्लेटांचे फोटो बघायचे होते. पत्राला हो म्हणाले. पेपरचं म्हणाले, तिसरी फेरी जो पूर्ण करेल त्याच्याबरोबर बघू. स्पष्ट बोलले ते बरं झालं.

पोस्टडॉकला खड्ड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, 'मी बोलले नाही कारण तेव्हा मी सेकंद मोजत होते, बोलले असते तर आकडा चुकला असता.' म्हणजे दहा आठवडे मी जिला सहनशीलता समजत होते ती टाइमिंगची भानगड होती. दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या खोलीतून माणूस बघायला आला.

मग पिकचं विचारलं. म्हणाली, ने, पण पुढच्या इंटर्नसाठी एक बनवून जा. तिने तारेचा इंचभर तुकडा कापून दिला. पिपेटच्या तोंडात तार धरून ज्योतीत काच वितळवायची आणि ती तारेवर घट्ट बसू द्यायची, दिसायला सोपं. पहिली काच वाकडी झाली, दुसरीत तार आत घसरली. तिसरा जमला. टोक पक्कडीने चपटं केलं, जरा तिरकं झालंय. तिने भिंगाखाली धरून बघितलं, एक कृमी उचलून दुसऱ्या प्लेटवर ठेवला आणि पिक स्टँडमध्ये लावून टाकला.

कार्ड उद्या पहाटे गार्डकडे द्यायचंय. ड्रॉवर बघितलाय, दोनदा.