इथ्रोचा सल्ला साहेबासाठी होता की रांगेतल्या लोकांसाठी?

हिशेबनीस
गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने सगळ्या टीम लीडना दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला पाठवलं. रिसॉर्ट, बुफे, गळ्यात नावाची पट्टी, सगळं यथासांग. पहिल्याच तासाला प्रशिक्षकांनी बायबलच्या जुन्या करारातली गोष्ट सांगितली, निर्गम हे पुस्तक, अध्याय १८. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलाय. सासरा इथ्रो भेटायला येतो, बघतो आणि म्हणतो, हे काही बरं नाही. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेम, अवघड प्रकरणं तेवढी तुझ्याकडे येऊ देत. स्लाइडवर निष्कर्ष: कामं वाटून द्या. टाळ्या.

घरी येऊन मूळ अध्याय वाचला. इथ्रो म्हणतो, अशाने तू थकशील *आणि ही माणसंही थकतील*. दुसरा अर्धा भाग शिबिरात आलाच नाही. नायक कसे हवेत? कर्तबगार, देवाला भिणारे, सच्चे आणि लाचेचा तिटकारा असलेले. स्लाइडवर 'कर्तबगार' तेवढा उरला होता.

जुनं शहाणपण ऑफिसात आणायला माझी ना नाही. पण साहेबाला सोयीचा तुकडा कापून आणतात, हे खटकतं. रहबामाची गोष्ट कुठल्या शिबिरात ऐकलीय का कुणी? तीही जुन्या करारातलीच, '१ राजे' हे पुस्तक, अध्याय १२. ज्याच्या नावावर नीतिसूत्रं आहेत त्या शलमोन राजाने यरुशलेमच्या मंदिराच्या लाकडासाठी ३०,००० माणसं वेठीला धरली होती. दर महिन्याला १०,००० लबानोनात (लेबनॉनमध्ये). तो गेल्यावर लोक शखेम गावी त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे आले: जू हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. रहबामाने तीन दिवस मागून घेतले. म्हातारे म्हणाले, आज तू यांचा सेवक हो, गोड बोल. बरोबरीची पोरं म्हणाली, सांग त्यांना, माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे. त्याने आसूड वापरले, मी विंचू वापरीन. त्याने पोरांचं ऐकलं. वर पुन्हा वेठबिगारीवरचाच अधिकारी लोकांकडे पाठवला! लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं, राजा रथात बसून यरुशलेमला पळाला, इस्राएलच्या बारांपैकी दहा वंश कायमचे फुटले. राजीनाम्यांच्या लाटेवर याहून चांगलं काही लिहिलेलं मला माहीत नाही.

दहाचा_नायक
इथ्रोची रचना जशीच्या तशी लावा बरं. निर्गमात सांगितलेले सहा लाख पुरुष धरले तर हजारांचे ६००, शंभरांचे ६,०००, पन्नासांचे १२,००० आणि दहांचे ६०,००० नायक. एकूण ७८,६००. म्हणजे साडेसात माणसांमागे एक साहेब! आमच्या ऑफिसात नेमकं हेच आहे, आणि तरी रांग हलत नाही. :)

पांढरा_फळा
मी अशी शिबिरं घेतो (हिशेबनीस यांचं मात्र घेतलेलं नाही). तुमचा आरोप अर्धाच खरा. माझ्याकडे ९० मिनिटं असतात, समोर जेवणाच्या वासाने चुळबुळणारी ४० माणसं. गोष्ट कापावीच लागते. पंचतंत्र सांगतानाही आपण सगळ्या उपकथा सांगत बसतो का? एका साहेबाने जरी दुसऱ्या दिवशी चार फायली खाली सोडल्या, तरी रांगेतल्या माणसाचं भलंच झालं की.

हिशेबनीस
कापण्याला हरकत नाही हो, पण कात्री दर वेळी एकाच बाजूने कशी चालते? फायली खाली येतात, सहीचा अधिकार वरच राहतो. इथ्रोने लहान प्रकरणांचा निवाडाच खाली दिला होता.

वसईचा_वारा
आमच्या घरी हे पुस्तक रोज वाचलं जातं, म्हणून बोलते. मला दोघांचंही पटत नाही. ही मॅनेजमेंटची गाइडबुकं नव्हेत. इथ्रो स्वतः म्हणतो, देवाची आज्ञा असेल तर असं कर. ते वाक्य वगळलं की उरतो फक्त कन्सल्टंट. (बिल न लावता आपल्या देशी परत गेलेला, एवढं मान्य!)

आणि मूळ वाचायचंच तर 'अनुवाद' या पुस्तकाचा पहिला अध्यायही वाचा. तिथे मोशे तीच आठवण सांगतो, पण इथ्रोचं नाव नाही आणि तो लोकांना म्हणतो, माणसं तुम्ही निवडा, मी नेमतो. निर्गमात निवड मोशेची, इथे लोकांची. आता यातलं 'शहाणपण' कुठलं धरणार? ज्याला जे हवं ते तो उचलणार, हिशेबनीससुद्धा.

हिशेबनीस
हे ठाऊक नव्हतं. लागलं. पण मग टीम लीड टीमने निवडावा ही सूचना कुणी करेल का?

तर्कट
सगळीच उठाठेव फुकट. जुन्या करारातलाच नहेम्या हा शिबिरांचा लाडका, ५२ दिवसांत यरुशलेमचा तट बांधला म्हणून. त्याने सावकारांकडून गहाण शेतं परत करवली, सुभेदार असून १२ वर्षं स्वतःचा भत्ता घेतला नाही, हेही खरं. पण त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात परक्या बायका केल्या म्हणून तो लोकांना मारतो, केस उपटतो. तेही एचआर पॉलिसीत घालायचं? राजे आणि संदेष्टे यांच्या काळातली माणसं ती, त्यांना त्यांच्या काळात राहू द्या.

शिवाय शखेमच्या लोकांना "चला आपापल्या डेऱ्यांकडे" म्हणता आलं. आमच्या डेऱ्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.

गडकरी_नव्हे
इतक्या लांब कशाला जायचं? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल काय लिहिलंय पाहा. आंबा-फणसाला हात लावू नका, रयतेने ती झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, किंमत देऊन तोडा. सत्तेने स्वतःलाच घातलेली वेसण आहे ही. पण हेही शिबिरात येणार नाही, कारण यातही बांधला जातो तो साहेबच. तेव्हा प्रश्न बायबलचा नाही.

पांढरा_फळा
बरं, पुढच्या बॅचला रहबाम घेतो. त्याच्यानंतर बोलावणं आलं नाही तर हिशेबनीस यांच्या घरी जेवायला येईन.

हिशेबनीस
या की! तूर्तास माझ्यासमोर शिबिराचा फीडबॅक फॉर्म उघडा आहे. 'काय सुधारता येईल' या रकान्यात '१ राजे, अध्याय १२' लिहू का?

दहाचा_नायक
अप्रेझल कधी आहे?

हिशेबनीस
पंधरा तारखेला.

दहाचा_नायक
मग सोळाला लिहा.